कोठी भरा, पण वेळेवर

परवा रात्री माझा एक जुना मित्र जेवायला आला होता. डिसेंबरचे दिवस, पिंप्राळ्यात थंडी चांगलीच पडलेली, तेव्हा बेत अर्थातच भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा. जेवण झाल्यावर तो हात धुवायला मागच्या खोलीकडे गेला आणि तिथूनच मोठ्याने हसायला लागला. त्या खोलीत आमची पत्र्याची धान्याची कोठी आहे, शेजारी पाण्याची दोन जास्तीची पिंपं आहेत, एक भरलेलं सिलिंडर आहे आणि भिंतीवर माझ्या अक्षरातला एक कागद चिकटवलेला आहे. कागदावर मथळा आहे, "घरात कोणी आजारी पडलं तर कोण कुठे झोपणार".

"काय भो, परत लॉकडाऊन लागणार आहे का? का तुला आधीच निरोप आलाय?"

मीही हसलो. पाहुण्याशी वाद घालायचा नसतो. पण तो गेल्यावर गोधडीत शिरलो तरी झोप काही येईना. कारण ते हसणं त्याच्या एकट्याचं नव्हतं. गेली तीन-चार वर्षं ते मी सगळीकडे ऐकतो आहे. लग्नात, बँकेत, चहाच्या टपरीवर. "गेलं ना आता ते. कशाला आठवण काढतो?" असं म्हणून माणसं विषय बदलतात. म्हणून जे त्या रात्री बोललो नाही ते आज लिहून टाकतो. कुणाला राग आला तर येऊ दे.

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. पंधरा ते एकवीस दिवस दार लावून राहता येईल एवढी तयारी, ज्याला परवडते त्या प्रत्येक घराने, कुठलीही साथ नसताना करून ठेवलीच पाहिजे. ती करणारा माणूस घाबरट नाही. ती ऐपत असून न करणारा मात्र बेफिकीर आहे, आणि त्याच्या बेफिकिरीचा भुर्दंड बहुतेक वेळा दुसऱ्यालाच बसतो.

आता पहिला आक्षेप. "अरे, असली साथ शंभर वर्षांतून एकदा येते."

बरं, जरा मोजू या. लांब कुठे जायला नको, आपल्या खानदेशातच मोजू.

माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेल्या प्लेगच्या गोष्टी सांगायची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो राज्यभर फिरत राहिला. आपल्याकडे त्याचा जोर बहुतेक थंडीच्या महिन्यांत असायचा. उंदीर पडायला लागले की लोक गाव सोडून शेतात, माळावर झोपड्या घालून राहायचे. धान्य, गोधड्या, भांडी, शेळी, सगळं बरोबर. आजी म्हणायची, "गाव बाहेर निघालं म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक असायचं काय काय उचलायचं." मग १९१८ ची मानमोडी. त्या वर्षी पाऊस पडला नाही, धान्य महाग झालं, आणि त्यातच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली. देशभरात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं गेली असा अंदाज आहे.

हे झालं जुनं. १९९४ तर मी स्वतः पाहिलं आहे. सप्टेंबरच्या शेवटी सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. सुरत आणि खानदेश ह्यांचं नातं तुम्हाला सांगायला नको. उधन्याला, लिंबायतला ज्याचं कोणी नाही असं घर आमच्या बाजूला शोधावं लागेल. सुरत-भुसावळ गाडीने माणसं येत होती. आमच्याकडे आत्याचं अख्खं कुटुंब आलं, सहा जण. त्यांना कुठे झोपवायचं, कोणत्या तांब्याने पाणी द्यायचं, शेजाऱ्यांना काय सांगायचं, कुणालाच काही माहीत नव्हतं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानातून गायब झाल्या होत्या. माझी माय त्यांना जवळ घेऊन रडली आणि मग आठवडाभर मनातून घाबरून राहिली, आपण पोरांना काही लावून तर घेतलं नाही ना म्हणून. काही झालं नाही. पण आमच्या घराने त्यातून काय शिकून ठेवलं? शून्य. सुरत मात्र शिकली. पुढच्या एक-दोन वर्षांत महापालिका आयुक्त एस. आर. राव ह्यांनी ते शहर असं झाडून काढलं की सुरतेच्या स्वच्छतेची उदाहरणं द्यायला लागले लोक.

मग फेब्रुवारी २००६. नवापूर. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, १८ फेब्रुवारीला जाहीर झाला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या, ताप असलेल्या माणसांना वेगळं ठेवून तपासलं. मार्चमध्ये तोच रोग आमच्या जळगाव जिल्ह्यात सावदा, मारूळकडे निघाला. सुदैवाने माणसांचे नमुने निर्दोष आले. तेव्हा जगभरात लोक "ही साथ माणसांत पसरली तर घरात काय हवं" ह्याच्या याद्या करत होते. आम्ही काय केलं? काही दिवस चिकन बंद केलं आणि नंतर स्वस्त झालं म्हणून जास्त खाल्लं.

२००९ चा स्वाइन फ्लू, २०१५ च्या सुरुवातीला त्याचाच पुन्हा उसळलेला जोर, २०२० ते २०२२ चा कोरोना, त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा नवापूरला बर्ड फ्लू. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात बर्ड फ्लूने वाघ मेले. कोंबडीचा रोग वाघापर्यंत पोचला, अमेरिकेत त्याच वर्षी तो दुभत्या गायींत शिरला. उद्या माणसांत पसरेलच असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, ज्योतिषी तर नाहीच नाही. पण ज्या भागाने तीस वर्षांत एवढं पाहिलं त्याने "शंभर वर्षांतून एकदा" म्हणू नये एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "साठा करणं म्हणजे साठेबाजी. तुम्ही कोठ्या भरता म्हणून गरिबाला महाग मिळतं."

ह्या बाबतीत मी स्वतः गुन्हेगार आहे, तेव्हा सांगतो. मार्च २०२० मध्ये जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी मी दाणा बाजारात रांगेत उभा होतो. डाळींच्या गिरण्यांसाठी देशभर नाव असलेल्या आपल्या जळगावात, तूरडाळीच्या रांगेत! मी पाच किलो डाळ जास्तीची घेतली. माझ्या मागे एक बाई होती, तिला एक किलो हवी होती. तिच्या वेळेस दुकानदाराने भाव वाढवून सांगितला. तिने अर्धा किलो घेतली. माझ्याकडे बघितलंही नाही तिने, पण मला अजून ते आठवतं.

आता विचार करा. दुकानदार आपल्या रोजच्या खपाच्या हिशेबाने माल ठेवतो. एका संध्याकाळी गल्लीतली पन्नास घरं एकवीस-एकवीस दिवसांचं एकदम न्यायला लागली तर माल संपणारच आणि भाव चढणारच. पण तीच पन्नास घरं वर्षभरात दर महिन्याला एखादा किलो डाळ, एखादी तेलाची पिशवी जास्तीची घेत गेली, जुनं आधी वापरत गेली, तर बाजाराला पत्तासुद्धा लागत नाही. माल तोच, घरं तीच, फरक फक्त वेळेचा. शांत काळात भरलेली कोठी म्हणजे आणीबाणीच्या दिवशी रांगेतला एक माणूस कमी. त्या दिवशी मी रांगेत नसतो तर त्या बाईला एक किलो डाळ मिळाली असती. साठेबाज मी ठरलो तो साठा नव्हता म्हणून.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. वर्षाचं धान्य एप्रिलमध्ये भरणं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवणं, उन्हाळ्यात पापड, कुरडया, बिबड्या करून डबे भरणं, हे आपल्या आया-आज्यांनी पिढ्यानपिढ्या केलं. ते आपण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोडून टाकलं, कारण कोपऱ्यावर दुकान आहे आणि आता तर मोबाईलवर बोट टेकवलं की सामान येतं. सोय झाली हे खरंच. पण सगळ्यांचीच कोठी कोपऱ्यावरच्या दुकानात असली की ते दुकान बंद पडतं तेव्हा सगळ्यांचीच कोठी रिकामी होते.

तिसरा आक्षेप, "सरकार बघेल ना."

सरकारने बघायलाच हवं, त्याला मी सोडायला सांगत नाही. पण २०२० च्या मे-जूनमध्ये आपल्या जिल्ह्याचा कोरोनाचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे होता हे आपण इतक्या लवकर विसरलो? जळगावच्या सरकारी रुग्णालयात बेपत्ता म्हणून शोध चाललेल्या एका वृद्धेचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच शौचालयात सापडला, ती बातमी देशभर गेली होती. अधिकारी निलंबित झाले, बदल्या झाल्या. त्यानंतर व्यवस्था सुधारलीही. पण सुधारेपर्यंतचे जे दिवस असतात ना, ते घरालाच काढावे लागतात.

आणि सरकारचा साथीतला जुना स्वभाव हुकूम काढण्याचा आहे. १८९७ चा साथरोग कायदा प्लेगसाठी इंग्रजांनी केला, तोच मार्च २०२० मध्ये आपल्याकडे लागू झाला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले, "होम क्वारंटाईन". पण त्या होममध्ये दुसरी खोली आहे का, संडास किती आहेत, म्हातारं माणूस कोण आहे, हे कोण विचारणार? १८९७ साली पुण्यात रँडच्या लोकांनी घरं तपासायला सुरुवात केली तेव्हा लोक रोगी लपवायला लागले. २०२० मध्ये गल्ल्यांना बांबू ठोकले तेव्हाही लोकांनी ताप लपवला. का लपवला? अज्ञान म्हणून नुसतं नाक मुरडू नका. घरात चार दिवसांचं पीठ आणि दोन दिवसांच्या गोळ्या असताना चौदा दिवस कोंडून घ्यायला कोण तयार होईल? ज्याच्या घरात सोय आहे तोच खोकला आल्याबरोबर "मला बरं नाही, येऊ नका" असं शेजाऱ्याला सांगू शकतो. खरं बोलायलासुद्धा घरात दाणे लागतात.

आता जरा स्वतःचं सांगतो. हे लिहावं की नाही असं दोनदा वाटलं.

आमचे अण्णा सप्टेंबर २०२० मध्ये गेले. कुठल्या दवाखान्याने काय केलं, काय नाही, ते सांगायला मी बसलेलो नाही. मला आमच्या घराचं सांगायचं आहे. अण्णांना ताप आला त्या दिवशी घरातला थर्मामीटर फुटलेला होता, तो फुटून सहा महिने झाले होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन दिवसांपूर्वी संपल्या होत्या आणि "गर्दीत कशाला जायचं" म्हणून कोणी आणल्या नव्हत्या. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर चौथ्या दिवशी मिळालं, ओळखीच्या माणसाकडून. तोपर्यंत आम्ही दोघे भाऊ आणि काका एकाच गोष्टीवर वाद घालत होतो, की अण्णांना कोणत्या खोलीत ठेवायचं आणि त्यांच्याजवळ कोणी जायचं. तीन दिवस वाद. मशीन लावलं तेव्हा आकडा ८६ होता. ९४ च्या खाली गेलं की थांबायचं नाही, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे.

सगळं घरात असतं तर अण्णा वाचले असते असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच म्हणता येणार नाही. पण त्या तीन दिवसांचा वाद आधीच्या एखाद्या निवांत रविवारी अर्ध्या तासात मिटला असता. भिंतीवरचा तो कागद, ज्याला माझा मित्र हसला, तो त्या तीन दिवसांचा आहे.

तयारी म्हटली की लोकांना यादी हवी असते. २०२० मध्ये फोनवर याद्यांचा पूर आला होता. पण वस्तू सर्वात सोप्या. एका मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३०० ग्रॅम धान्य धरलं तर पाच जणांच्या घराला दीड किलो, म्हणजे एकवीस दिवसांना ३२ किलोच्या आसपास. डाळ सहा-सात किलो, तेल तीन-साडेतीन लिटर. एवढंच. मीठ, गूळ, साखर, शेंगदाणे घरात असतातच. कठीण असतात ते निर्णय. आणि ते हिवाळ्यात जास्त कठीण असतात, हे आम्हाला जानेवारी २०२२ मध्ये कळलं, जेव्हा ओमायक्रॉनच्या लाटेत माझी बायको पॉझिटिव्ह निघाली. घरात ७४ वर्षांची माय, तिला दमा. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, एक संडास.

थंडीतलं पहिलं भांडण खिडकीवरून. एप्रिल-मेमध्ये आपण खानदेशी माणसं गच्चीवर झोपतो, हवेचा प्रश्नच नाही. जानेवारीत सगळी खिडक्या लावून, एकमेकांना चिकटून एका खोलीत. हवेतून पसरणाऱ्या रोगाला ह्याहून चांगली जागा मिळणार नाही. खिडकी वीतभर तरी उघडी हवी आणि समोरासमोरची दुसरी फट हवी. म्हणजे पांघरूण दुप्पट लागतं. आजारी माणसाच्या गोधड्या वेगळ्या, त्या उन्हात टाकायची जागा वेगळी. प्लेगात थंडीच्या दिवसांत माळावर जाऊन राहणारे आपले पणजोबा वेडे नव्हते. गोधड्या आधी शिवून ठेवा, मग खिडकी उघडी ठेवायचा उपदेश करा.

दुसरं, ऊब हवी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. साथीतून वाचायचं आणि शेगडीने जायचं, ह्याला काय अर्थ?

तिसरं, गरम पाणी. आजाऱ्याचं वेगळं, म्हातारीचं वेगळं, वाफेचं वेगळं. गॅस भराभर संपतो. दुसरं सिलिंडर भरलेलं हवं. आणि आमच्याकडे नळ काही रोज येत नाही, दिवसाआड-दोन दिवसांआड येतो, तेव्हा पिंपं आधी.

चौथं, पीठ. थंडीत बाजरी लागतेच, पण बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून साठा धान्याचा करावा. पण गिरणीवाला आजारी पडला तर? म्हणून ज्वारी-गव्हाचं आठ-दहा दिवसांचं पीठ दळलेलं असावं. ही गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती, बायकोने पलंगावरून फोन करून सांगितली.

पाचवं, थंडीत म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत. तहानच लागत नाही म्हणतात. त्यात ताप आला की सुकून जातात. मीठ-साखरेचं पाणी, लिटरभर उकळून थंड केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरातल्या पोरांनासुद्धा पाठ हवं. रोजच्या गोळ्यांचा महिन्याचा साठा हवा, आणि संपण्याच्या दहा दिवस आधी नवीन पाकीट यायला हवं. अँटिबायोटिक मात्र मनाने आणून ठेवू नका, फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूवर त्याचा उपयोग नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेतल्यामुळे २०२१ मध्ये किती लोकांना काळ्या बुरशीला तोंड द्यावं लागलं ते विसरू नका.

आणि सहावं, थंडीत सगळेच खोकतात. म्हणून "बघू उद्या" म्हणणं फार सोपं जातं. आमच्या कागदावर पहिलंच वाक्य आहे, "खोकला आला त्याच दिवशी वेगळं झोपायचं, तपासणी नंतर." बायकोने तेच केलं. रस्त्याकडची खोली तिची, जेवण मी उंबऱ्यावर ठेवायचो, संडास ती शेवटी वापरायची आणि नंतर तासभर झरोका उघडा. मायला मागच्या खोलीत. सात दिवस सरकारी नियमाने, आणि तीन दिवस आमचे. माय सुटली. लसी झालेल्या होत्या, ती लाटही तुलनेने सौम्य होती, तेव्हा मी आमच्या कागदाची आरती ओवाळत नाही. पण त्या दहा दिवसांत घरात एकदाही आवाज चढला नाही. २०२० च्या तुलनेत मला तेवढंही खूप वाटलं.

त्या दहा दिवसांत मला आणखी एक गोष्ट कळली, जी पुरुषांनी लिहायला हवी. घराची तयारी, घराची तयारी असं आपण म्हणतो, पण ती करायची कोणी हे गृहीत असतं. मी कोठी भरली ह्याचा अभिमान बाळगतो, पण त्यातलं निवडणं, पाखडणं, उन्हात घालणं कोणी केलं? आणि घरातली बाईच आजारी पडली तर? मला तेव्हा भाकरी थापता येत नव्हती. पहिले दोन दिवस आम्ही पोहे आणि खिचडीवर काढले. ज्या घरात पुरुषाला स्वयंपाक येत नाही ते घर तयार नाही, मग कोठी कितीही मोठी असो. आता मला भाकरी येते. गोल येत नाही, पण पोटात गेल्यावर कोण बघतो?

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला मान्य आहे. "ज्याचं हातावर पोट आहे तो कुठून भरेल कोठी?"

नाही भरू शकत. मे २०२० मध्ये जालन्याहून भुसावळची गाडी पकडायला रुळावरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. त्यांना "घरातच राहा" म्हणणाऱ्या देशात त्यांचं घर शेकडो किलोमीटरवर होतं. एका खोलीत सात माणसं राहणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने खिडक्या आणि गोधड्या सांगू? म्हणूनच मी सुरुवातीला लिहिलं, ज्याला परवडते त्याने. आणि परवडणाऱ्याचं कर्तव्य त्याच्या कोठीपाशी संपत नाही. रेशनचं फुकट धान्य २०२० मध्ये मिळालं, पण ज्याचं कार्डच नव्हतं तो बघत राहिला. आपल्या गल्लीत असं कोण आहे हे आपल्याला आज माहीत आहे का? भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं रेशनकार्ड आहे का, हे मी पाच वर्षं विचारलं नव्हतं. गेल्या महिन्यात विचारलं. नव्हतं. आता त्यांच्या मुलाबरोबर तहसीलच्या खेपा चालू आहेत. आणि आमच्या कोठीत एका घराचे वीस दिवस जास्तीचे आहेत, ते त्यांचे. त्यांना तसं सांगितलंही आहे, म्हणजे वेळेवर मागायला लाजायला नको.

पिंप्राळ्याला आषाढीचा रथ निघतो तेव्हा दोर ओढायला अख्खं गाव येतं. रथ कोणा एकाच्या ताकदीने हलत नाही हे आपल्याला शिकवावं लागत नाही. साथीच्या बाबतीत मात्र आपण एक तर सगळं सरकारवर टाकतो नाहीतर आपापलं दार लावून घेतो.

असो. फारच लिहिलं. माझ्या मित्राला हे वाचून राग येईल, येऊ दे, तो परत भरीत खायला येणारच. त्याला आणि तुम्हाला एवढीच विनंती. हा रविवार रिकामा असेल तर तीन कामं करा. घरातला थर्मामीटर चालतो का बघा. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या ते मोजा. आणि सगळ्यांना एकत्र बसवून, चहा पिता पिता, कोण कुठे झोपणार ते कागदावर लिहून भिंतीला लावा. हसतील लोक. माझ्याकडेही हसतात.

चला, उठतो. मायने गच्चीवर बाजरी वाळत घालायला सांगितली आहे आणि ऊन उतरायला लागलंय.